शिष्यवृत्ती आणि सोबत: अमेरिकेतील गरीब विद्यार्थी महाविद्यालयापर्यंत कसे पोहोचतात

२००८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात आणि नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहराच्या परिसरात काही अर्थशास्त्रज्ञांनी एक साधा दिसणारा प्रयोग केला. प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देणाऱ्या एच अँड आर ब्लॉक या कंपनीच्या कार्यालयांत मध्यम आणि कमी उत्पन्नाची कुटुंबे येत असत. ज्यांच्या घरी महाविद्यालयात जाण्याच्या वयाचे मूल होते, त्यांच्यापैकी काहींना, चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे निवडून, तिथल्या कर्मचाऱ्याने विचारले की विवरणपत्रातलीच माहिती वापरून मुलासाठी सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्जही आताच भरून देऊ का. बरीचशी माहिती आधीच संगणकात असल्यामुळे उरलेले काम साधारण दहा मिनिटांत उरकत असे. दुसऱ्या एका गटाला अर्ज भरून दिला नाही. त्यांना किती मदत मिळू शकेल याचा अंदाज आणि जवळच्या महाविद्यालयांच्या शुल्काची माहिती तेवढी कागदावर दिली. पहिल्या गटात हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांपैकी महाविद्यालयात जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. नुसता कागद मिळालेल्या गटात काहीही फरक पडला नाही.

सरकारी मदतीचे नियम आणि रकमा दोन्ही गटांसाठी त्याच होत्या. फरक होता तो शेजारी बसून अर्ज पूर्ण करून घेणाऱ्या माणसाचा. कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत ज्या शिष्यवृत्त्या आणि स्वयंसेवी मार्गदर्शनाचे उपक्रम चालतात, ते समजून घ्यायचे असतील तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो. गरीब मुलाला पैसे दिले की प्रश्न सुटला, असे देणगीदारांना वाटते. मुलाच्या पाठीवर हात ठेवला की प्रश्न सुटला, असे अनेक स्वयंसेवकांना वाटते. दोन्ही समजुती अर्धवट आहेत. जाहीर झालेली मदत विद्यार्थ्याच्या खात्यात प्रत्यक्ष जमा होईपर्यंत मध्ये जी कामे असतात, ती ज्याला ठाऊक आहेत असा मार्गदर्शक असला, तरच पैसा आणि माणूस दोघेही उपयोगी पडतात.

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे साधारणपणे नववी ते बारावी, आणि महाविद्यालय त्यानंतर, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास सुरू होते. प्रवेशासाठी एकच सामायिक परीक्षा किंवा एकच गुणवत्ता यादी नसते. प्रत्येक महाविद्यालय आपापले नियम ठरवते, आपापली अर्जाची मुदत ठेवते आणि विद्यार्थ्याचे गुण, शिक्षकांची शिफारसपत्रे, त्याने स्वतः लिहिलेला निबंध अशा अनेक गोष्टी पाहून निर्णय घेते. ज्यांचे आईवडील स्वतः महाविद्यालयात गेलेले आहेत, त्यांच्या घरात ही सगळी माहिती बोलता बोलता मुलांच्या कानावर पडते. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात जाणार आहे, त्या घरात मात्र प्रत्येक शब्दापासून सुरुवात करावी लागते, आणि त्यातला सर्वांत फसवा शब्द म्हणजे ‘किंमत’.

महाविद्यालय जी किंमत जाहीर करते ती फार थोड्या गरीब विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष भरावी लागते. शिकवणीशुल्क, इतर शुल्के, राहणे, जेवण, पुस्तके, प्रवास आणि किरकोळ खर्च मिळून एका वर्षाचा एकूण खर्च धरला जातो. दुसरीकडे कुटुंब ‘फॅफ्सा’ नावाचा केंद्र सरकारचा अर्ज भरते. त्यातील उत्पन्न, मालमत्ता आणि कुटुंबातील माणसांची संख्या यांवरून एक निर्देशांक काढला जातो, आणि तो जितका कमी तितकी गरज जास्त मानली जाते. अगदी हलाखीच्या स्थितीत हा आकडा शून्याच्याही खाली, उणे १,५०० पर्यंत जाऊ शकतो. एकूण खर्चातून हा निर्देशांक वजा केला की जी रक्कम उरते ती त्या विद्यार्थ्याची ‘आर्थिक गरज’, आणि ती भागवण्यासाठी महाविद्यालय वेगवेगळ्या ठिकाणचा पैसा एकत्र करून एक प्रस्ताव पाठवते.

या प्रस्तावाचा पाया पेल ग्रँट हा आहे. १९७२ साली सुरू झालेल्या या अनुदानाला १९८० मध्ये ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव देण्यात आले. ते परत करावे लागत नाही, आणि २०२४–२५ या वर्षासाठी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. १९७० च्या दशकाच्या मध्यात कमाल पेल ग्रँटमधून सरकारी चार वर्षांच्या महाविद्यालयाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश खर्च भागत असे. आता एक-तृतीयांशही भागत नाही. ही दरी भरून काढण्यासाठी राज्य सरकारे, महाविद्यालये, खासगी शिष्यवृत्त्या आणि शेवटी कर्ज यांचा आधार घ्यावा लागतो.

एक उदाहरण मांडून पाहू. एका विद्यार्थिनीच्या महाविद्यालयाचा वर्षाचा एकूण खर्च ३०,००० डॉलर आहे आणि तिचा निर्देशांक शून्य आहे, असे समजा. तिला पूर्ण पेल ग्रँट, म्हणजे ७,३९५ डॉलर मिळाले. राज्य आणि महाविद्यालय मिळून आणखी १०,००० डॉलरचे अनुदान देतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर जास्तीत जास्त ५,५०० डॉलरचे सरकारी कर्ज मिळते, तेही प्रस्तावात धरले. महाविद्यालयातच काम करून कमावण्यासाठी २,५०० डॉलर दाखवले. एवढे सगळे जमेस धरूनही ४,६०५ डॉलर उरतात, आणि ते कोण भरणार याबद्दल पत्र गप्प असते. शिवाय कामाचे २,५०० डॉलर तिला आधी मिळणार नाहीत. आधी तास भरायचे, मग पगार, आणि शुल्काची मुदत मात्र सत्राच्या सुरुवातीलाच. अनुदान, कर्ज आणि पगार हे तिन्ही एकाच रकान्यात ‘मदत’ म्हणून लिहिलेले असल्यामुळे २५,००० डॉलरहून अधिक रक्कम फुकट मिळाली असे घरच्यांना वाटते. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या कार्यालयाने २०२२ साली असा निष्कर्ष काढला की सुमारे ९१ टक्के महाविद्यालये आपल्या पत्रात विद्यार्थ्याला प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम एकतर देतच नाहीत किंवा ती कमी दाखवतात. म्हणजे पत्र न समजणे हा विद्यार्थ्याचा दोष नव्हे. ते पत्र समोर ठेवून कर्जाखाली एक रेघ, अनुदानाखाली दुसरी रेघ ओढणे आणि चार महाविद्यालयांची चार पत्रे एकाच पद्धतीने पुन्हा मांडणे हे मार्गदर्शकाचे कदाचित सर्वांत मोलाचे काम आहे, आणि त्यासाठी प्रेरणादायी भाषणाची काहीच गरज नसते.

जाहीर किंमत पाहून मुले ज्या महाविद्यालयांचे नावही काढत नाहीत, तिथे कधी कधी खर्च सर्वांत कमी येतो. मोठा निधी बाळगून असलेली काही खासगी विद्यापीठे गरजू विद्यार्थ्याची संपूर्ण गरज अनुदानातून भागवतात. प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२३ पासून वर्षाला १,००,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांकडून शिकवणी, राहणे आणि जेवण यांपैकी कशाचेही पैसे न घेण्याचे धोरण ठेवले. अशा ठिकाणी प्रवेश मिळणे अतिशय कठीण असते, हे खरेच. पण हुशार आणि गरीब मुले तिथे अर्जच करत नाहीत, हा प्रश्न वेगळा आहे. क्वेस्टब्रिजसारखी संस्था अशा विद्यार्थ्यांना हेरून त्यांची थेट निवडक महाविद्यालयांशी जोडणी करते आणि चार वर्षांचा पूर्ण खर्च मिळवून देते, ती याच कारणासाठी.

मिशिगन विद्यापीठाने २०१५ साली या अडचणीवर वेगळा उपाय करून पाहिला. राज्यातील कमी उत्पन्नाच्या पण चांगल्या गुणांच्या बारावीच्या विद्यार्थ्यांना एक आकर्षक पाकीट पाठवण्यात आले, आणि त्यात स्पष्ट लिहिले होते की प्रवेश मिळाला तर चार वर्षे शिकवणीशुल्क आणि इतर शुल्के माफ, आणि या वचनासाठी आर्थिक मदतीचा कोणताही अर्ज भरण्याची अट नाही. गंमत अशी की या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना नेहमीच्या मार्गानेही साधारण तेवढीच मदत मिळाली असती. तरीही या विद्यापीठात अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवरून जवळजवळ दोन-तृतीयांशावर गेले, आणि प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून जास्त झाले. वरवर पाहता हा निष्कर्ष सुरुवातीच्या प्रयोगाशी विसंगत वाटेल, कारण तिथे कागदाचा उपयोग झाला नव्हता आणि इथे झाला. पण ओहायोतील कागदावर ‘तुम्हाला इतकी मदत मिळू शकेल’ असा अंदाज होता. मिशिगनच्या कागदावर वचन होते. ‘मिळू शकेल’ या शब्दांवर घरातली पहिली पिढी चार वर्षांचा जुगार खेळत नाही, आणि माझ्या मते ते शहाणपणाचेच आहे.

आता खासगी शिष्यवृत्त्यांकडे वळू. एखादे प्रतिष्ठान, एखादा उद्योगसमूह, एखादी धार्मिक संस्था किंवा गावातल्या माणसांनी मिळून उभारलेला निधी अशा शिष्यवृत्त्या देतो. त्यांच्यात एक महत्त्वाचा भेद असतो, आणि तो माहीत नसला की घोटाळा होतो. काही शिष्यवृत्त्या ‘शेवटचा डॉलर’ पद्धतीच्या असतात. म्हणजे पेल आणि इतर सर्व अनुदाने आधी वापरायची आणि त्यानंतर शिकवणीशुल्कात जी कमतरता उरेल तेवढीच भरायची. काही ‘पहिला डॉलर’ पद्धतीच्या असतात. त्या आधी मिळतात आणि बाकीची मदत राहणे, जेवण, पुस्तके यांसाठी मोकळी राहते. ऐकायला दोन्ही सारख्याच उदार वाटतात. पण सर्वांत गरीब विद्यार्थ्याचे शिकवणीशुल्क स्थानिक दोन वर्षांच्या महाविद्यालयात बहुधा पेल ग्रँटमधूनच भागलेले असते, त्यामुळे ‘शेवटचा डॉलर’ पद्धतीच्या शिष्यवृत्तीतून त्याच्या हाती एकही डॉलर येत नाही, आणि त्याच्यापेक्षा बऱ्या स्थितीतल्या विद्यार्थ्याला मात्र पूर्ण रक्कम मिळते.

दुसरी खाच आणखी क्लेशदायक आहे. वरच्या उदाहरणातील विद्यार्थिनीने खूप खटपट करून ४,००० डॉलरची खासगी शिष्यवृत्ती मिळवली, असे समजा. तिची कमतरता आता ६०५ डॉलर उरली असे आपल्याला वाटते. पण अनेक महाविद्यालये बाहेरची शिष्यवृत्ती आल्याचे कळताच आपल्या अनुदानातून तेवढीच रक्कम कापून घेतात. केंद्र सरकारचा नियम एवढाच आहे की एकूण मदत गरजेपेक्षा जास्त होता कामा नये. तिच्या बाबतीत ती मर्यादा ओलांडलेली नसतानाही महाविद्यालय हात आखडता घेऊ शकते. परिणामी देणगीदाराचे पैसे विद्यार्थिनीऐवजी महाविद्यालयाच्या तिजोरीला मिळतात. मेरीलँड राज्याने २०१७ साली आपल्या सरकारी महाविद्यालयांना असे करण्यास कायद्याने बंदी घातली, आणि तसे करणारे ते पहिले राज्य होते. नंतर कॅलिफोर्नियासह काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले. जिथे असा कायदा नाही, तिथे प्रवेश निश्चित करण्यापूर्वीच आर्थिक मदत कार्यालयाला लेखी विचारावे लागते: बाहेरची शिष्यवृत्ती आली तर तुम्ही आधी कर्ज कमी कराल, कामाची रक्कम कमी कराल, की अनुदान? हा प्रश्न अठरा वर्षांच्या मुलाला सुचत नाही, आणि सुचला तरी विचारण्याचा धीर होत नाही. आणखी एक बारीक गोष्ट अशी की शिकवणीशुल्क आणि आवश्यक पुस्तकांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, पण राहण्याजेवणावर खर्च झालेला भाग करपात्र उत्पन्नात धरला जातो.

पैशाबरोबर माणूसही द्यावा लागतो, हे एका श्रीमंत गृहस्थाच्या लक्षात फार लवकर आले. १९८१ साली उद्योगपती युजीन लँग न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधील ज्या शाळेत स्वतः शिकले होते, तिथे सहावी उत्तीर्ण होणाऱ्या साठेक मुलांसमोर बोलायला गेले. कष्ट करा म्हणजे यश मिळेल असे काहीतरी सांगायचे त्यांनी ठरवले होते. पण यांतील बहुतेक मुले हायस्कूलही पूर्ण करणार नाहीत, हे तिथेच ऐकल्यावर त्यांना आपले भाषण निरर्थक वाटले आणि त्यांनी उभ्या उभ्या जाहीर केले की जो हायस्कूल पूर्ण करील त्याच्या महाविद्यालयाच्या शुल्काची सोय मी करीन. ही गोष्ट पुष्कळदा इथेच संपवून सांगितली जाते. खरा भाग त्यानंतरचा आहे. सहावीतल्या मुलाला सहा वर्षांनंतरच्या पैशाचा आज काहीच उपयोग नसतो, म्हणून लँग यांनी या मुलांसाठी पूर्णवेळ समन्वयक नेमला, शिकवणीची सोय केली आणि स्वतःही मुलांना भेटत राहिले. पुढे १९८६ मध्ये त्यांनी हाच नमुना इतर शहरांत नेण्यासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. इंडियाना राज्याने १९९० मध्ये सुरू केलेल्या ‘एकविसाव्या शतकाचे विद्यार्थी’ या योजनेतही शिष्यवृत्तीचे वचन माध्यमिक शाळेच्या वयातच दिले जाते, कारण बारावीत दिलेले वचन नववीत चुकलेला गणिताचा विषय परत आणू शकत नाही.

सरकारी पातळीवर हीच जाण १९६० च्या दशकात दिसते. गरिबीविरुद्धच्या मोहिमेचा भाग म्हणून १९६४ च्या कायद्यातून ‘अपवर्ड बाउंड’ हा कार्यक्रम निघाला, आणि त्यात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना शनिवारचे वर्ग, उन्हाळ्यात महाविद्यालयाच्या आवारात राहून शिक्षण आणि सल्ला मिळू लागला. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने विद्यार्थ्यांना थेट आर्थिक मदतीची चौकट दिली. पण असे कार्यक्रम पात्र विद्यार्थ्यांच्या एका लहान भागापर्यंतच पोहोचतात.

बाकीच्यांसाठी शाळेतला समुपदेशक उरतो. एका समुपदेशकामागे २५० पेक्षा जास्त विद्यार्थी असू नयेत, असे या व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेचे म्हणणे आहे. प्रत्यक्षात देशाची सरासरी बरीच वर्षे ४०० च्या आसपास किंवा त्याहून वर राहिली. त्याच समुपदेशकाकडे वेळापत्रके, परीक्षांची व्यवस्था आणि मुलांचे मानसिक प्रश्नही असतात. त्यामुळे महाविद्यालयाच्या अर्जांसाठी एका विद्यार्थ्याच्या वाट्याला किती मिनिटे येत असतील, याचा हिशेब कोणीही करू शकेल. स्वयंसेवी मार्गदर्शकाची जागा इथे निर्माण होते. तो समुपदेशकाचा पर्याय नव्हे. त्याच्याकडे नसलेला वेळ देणारा माणूस आहे.

या जागेचा सर्वांत मोठ्या प्रमाणावर केलेला वापर टेनेसी राज्यात दिसतो. नॉक्सव्हिलच्या परिसरात २००८ साली एका स्थानिक उपक्रमाने दोन वर्षांच्या महाविद्यालयाचे शुल्क भरण्याची आणि त्याबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याला स्वयंसेवी मार्गदर्शक देण्याची पद्धत सुरू केली. त्यावरूनच राज्यपाल बिल हॅस्लम यांनी २०१४ मध्ये ‘टेनेसी प्रॉमिस’ ही राज्यव्यापी योजना जाहीर केली आणि २०१५ च्या हायस्कूल उत्तीर्ण विद्यार्थ्यांपासून ती लागू झाली. विद्यार्थ्याने फॅफ्सा भरायचा, ठरलेल्या सभांना यायचे, प्रत्येक सत्रात आठ तास समाजसेवा करायची आणि मार्गदर्शकाच्या संपर्कात राहायचे, अशा अटी आहेत. मार्गदर्शकांकडून महिन्याला साधारण एक तासाची अपेक्षा असते, आणि दरवर्षी हजारो माणसे हे काम करतात: बँकेतले कर्मचारी, निवृत्त शिक्षक, दुकानदार. ही योजना ‘शेवटचा डॉलर’ पद्धतीची आहे, हे मात्र विसरू नये. म्हणजे ज्यांना पूर्ण पेल ग्रँट मिळते त्या सर्वांत गरीब विद्यार्थ्यांना तिच्यातून रोख रक्कम जवळजवळ मिळतच नाही. त्यांच्या वाट्याला येते ते ‘शुल्क लागणार नाही’ हे एक निःसंदिग्ध वाक्य आणि मुदतीची आठवण करून देणारा एक माणूस. या योजनेवर टीका करायला हा मुद्दा पुरेसा आहे. तरीही योजना सुरू झाल्यावर फॅफ्सा भरण्याच्या प्रमाणात टेनेसी देशातल्या आघाडीच्या राज्यांत आले, हेही त्या माणसाचेच श्रेय मानावे लागते.

मार्गदर्शकाचे वर्ष बारावीच्या शरद ऋतूत सुरू होते. महाविद्यालयांची यादी करताना एक-दोन अवघड, काही मध्यम आणि एक तरी खात्रीची आणि परवडणारी अशी नावे निवडायची असतात. अनेक महाविद्यालये अर्जाला शुल्क घेतात, पण शाळेत सवलतीचे जेवण मिळणाऱ्या मुलांना ते माफ होऊ शकते, आणि ही माफी मागावी लागते. निबंधाबाबत मार्गदर्शकाचा मोह आवरणे हेच मोठे काम आहे. मूल जे लिहिते ते वाचून प्रश्न विचारावेत. वाक्ये आपली घालू नयेत. तसे करणे अप्रामाणिक तर आहेच, शिवाय पन्नाशीच्या माणसाचा सूर सतरा वर्षांच्या निबंधात लगेच ओळखू येतो.

फॅफ्साचा अर्ज एरवी १ ऑक्टोबरच्या सुमारास खुला होतो. पूर्वी त्यात शंभराहून अधिक प्रश्न होते. २०२० च्या अखेरीस संमत झालेल्या कायद्याने तो बराच आटोपशीर करण्यात आला. दुर्दैवाने नव्या अर्जाची पहिलीच आवृत्ती तीन महिने उशिरा, डिसेंबर २०२३ च्या अगदी शेवटी आली, तीही तांत्रिक दोषांसह, आणि ज्यांच्या आईवडिलांकडे सामाजिक सुरक्षा क्रमांक (सरकारने दिलेला ओळख क्रमांक) नव्हता अशा विद्यार्थ्यांना ती कित्येक आठवडे पूर्णच करता येईना. विद्यार्थी स्वतः अमेरिकी नागरिक असला तर तो मदतीस पात्र असतो. आईवडिलांकडे देशात राहण्याच्या परवानगीची कागदपत्रे नसली म्हणून त्याचा हक्क जात नाही. पण अशा घराला सरकारला आपली माहिती देण्याची जी भीती वाटते ती निराधार म्हणून झटकून टाकण्याचा अधिकार स्वयंसेवकाला नाही. तिथे त्याने जाणकार वकिलाकडे किंवा संस्थेकडे बोट दाखवावे आणि निर्णय कुटुंबावर सोडावा. एकूणच आईवडिलांना बाजूला सारून मुलाशी परस्पर व्यवहार करणारे मार्गदर्शक अपयशी ठरतात, कारण उत्पन्नाचे कागद आईवडिलांकडे असतात आणि मुलाला दूर पाठवायचे की नाही, हेही शेवटी त्यांनाच ठरवायचे असते.

वसंतात प्रस्तावाची पत्रे येतात, आणि १ मे ही निर्णय कळवण्याची रूढ तारीख आहे. त्या दिवशी आनंद साजरा होतो, छायाचित्रे निघतात, आणि पुष्कळ उपक्रमांचे काम तिथेच संपते. पण महाविद्यालयाची जागा स्वीकारलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे १० ते २० टक्के विद्यार्थी शरद ऋतूत कुठल्याच महाविद्यालयात दिसत नाहीत, आणि कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांत काही ठिकाणी हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत आढळले आहे. उन्हाळ्यात बर्फ वितळावे तशी ही मुले नाहीशी होतात, म्हणून तिकडे या गळतीला वितळण्याचेच नाव पडले आहे. शाळा संपलेली असते, महाविद्यालय सुरू झालेले नसते, आणि या मधल्या काळात विद्यार्थी कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. नेमके याच काळात वसतिगृहाची अनामत भरायची असते, लसीकरणाचा दाखला पाठवायचा असतो, चाचणी परीक्षा द्यायची असते, आणि उत्पन्नाचे पुरावे पुन्हा मागितले जातात. काही महाविद्यालये तर बिलात आपल्या आरोग्य विम्याची मोठी रक्कम आपोआप लावतात. घरचा किंवा सरकारी विमा आधीच असल्याचे ठरावीक मुदतीत कळवले तर ती रद्द होते, न कळवल्यास भरावी लागते. असे अनपेक्षित बिल आले की आपला हिशेब चुकला, हे आपल्याला झेपणार नाही, असे समजून मूल गप्प बसते. पाच मिनिटांत सुटणारी अडचण असते, पण ती पाच मिनिटांची आहे हे सांगणारा कोणी नसतो.

संशोधकांनी यावर मोबाईलवर आठवणीचे संदेश पाठवण्याचा उपाय करून पाहिला. काही शहरांत, जिथे संदेशाला उत्तर दिले की ओळखीचा सल्लागार पलीकडून बोलत असे, तिथे फारच थोड्या खर्चात त्याचा चांगला उपयोग झाला. हाच उपाय पुढे देशभरात सुमारे आठ लाख विद्यार्थ्यांवर वापरला, तेव्हा परिणाम शून्य निघाला. न्यू हॅम्पशायरमध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातील, अर्ज करण्यात मागे पडलेल्या मुलांजवळ आठवड्यागणिक बसून अर्ज पूर्ण करून घेतले. तिथे मुलींमध्ये महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्के-अंकांनी वाढले, मुलग्यांमध्ये मात्र ठोस फरक दिसला नाही. त्याच संशोधनात काहींना केवळ माहितीचे पत्र आणि काहींना केवळ रोख बक्षिसाचे आमिष देऊन पाहिले; त्याचा परिणाम झाला नाही. मुलग्यांच्या बाबतीत काय करावे, याचे समाधानकारक उत्तर या प्रयोगातून मिळत नाही, आणि यशाच्या गोष्टी सांगताना हा अर्धा भाग गाळला जातो, म्हणून तो इथे मुद्दाम नोंदवतो.

मार्गदर्शन हे नेहमी हितकारकच असते, ही समजूतही सोडून द्यायला हवी. मुलांना मोठ्या माणसांची सोबत जोडून देणाऱ्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या जुन्या संस्थेच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे हजारभर मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले होते. ज्यांना मार्गदर्शक मिळाला त्यांच्यात अमली पदार्थांची सुरुवात करण्याचे आणि शाळा बुडवण्याचे प्रमाण लक्षणीय कमी आढळले. पण हीच माहिती जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी पुढे पुन्हा तपासली, तेव्हा असे दिसले की फायदा मुख्यतः वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांत झाला, आणि ज्यांचा मार्गदर्शक पहिल्या तीन महिन्यांतच निघून गेला त्या मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधीपेक्षा कमी झाला. ज्या मुलांच्या आयुष्यातून मोठी माणसे वारंवार निघून गेलेली असतात, त्यांना आणखी एकाचे जाणे साधे राहत नाही. म्हणून चांगल्या संस्था उत्साही स्वयंसेवकाला लगेच हो म्हणत नाहीत. पार्श्वभूमीची तपासणी, प्रशिक्षण, भेटी सार्वजनिक ठिकाणीच होण्याचा नियम आणि अडचण आली तर विचारायला एक पगारी समन्वयक, एवढे नसेल तर त्या उपक्रमात मूलही सुरक्षित नसते आणि स्वयंसेवकही. स्वयंसेवकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: पुढचे अठरा महिने महिन्यातून दोनदा मी खरोखर येऊ शकेन का? नसेल, तर एका शनिवारी फॅफ्सा शिबिरात बसून दहा अर्ज भरून देणे हे काम लहान नाही. सुरुवातीला सांगितलेला प्रयोग नेमका त्याचाच होता.

काही उपक्रमांनी मार्गदर्शकाऐवजी सोबत्यांवर भर दिला. ‘पॉसी’ प्रतिष्ठान १९८९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले ते एका विद्यार्थ्याच्या उद्गारावरून. माझी टोळी (इंग्रजीत ‘पॉसी’) सोबत असती तर मी महाविद्यालय सोडलेच नसते, असे तो म्हणाला होता. ही संस्था एका शहरातून साधारण दहा विद्यार्थी निवडते, त्यांना बारावीत आठ महिने एकत्र तयार करते आणि मग सर्वांना एकाच महाविद्यालयात पाठवते, तिथे त्यांचे शिकवणीशुल्क महाविद्यालय देते.

महाविद्यालयात पोहोचल्यावर हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बहुतेक शिष्यवृत्त्यांना किमान गुणांची आणि किमान विषयांची अट असते, आणि सरकारी मदतीसाठीही समाधानकारक प्रगती दाखवावी लागते. नापास होण्याच्या भीतीने एखादा विषय मध्येच सोडला तर विद्यार्थी पूर्णवेळ गणला जात नाही आणि पुढच्या सत्राची शिष्यवृत्ती जाऊ शकते. म्हणून विषय सोडण्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी आर्थिक मदत कार्यालयात जायचे, हे त्याला पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे लागते. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाने २००७ मध्ये दोन वर्षांच्या महाविद्यालयांत सुरू केलेल्या ‘असॅप’ या कार्यक्रमात विद्यार्थ्यांना उरलेले शुल्क, पाठ्यपुस्तकांचा खर्च, बस आणि मेट्रोचा पास आणि थोडेच विद्यार्थी सांभाळणारा सल्लागार असे सगळे एकत्र दिले. सल्लागाराला भेटल्याशिवाय पास मिळत नसे. तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण तुलनेच्या गटात २२ टक्के होते, तर या गटात ४० टक्के. पास आणि भेट यांची ही सांगड कोणाला सुचली ते ठाऊक नाही, पण देणगीदारांनी आणि स्वयंसेवकांनी आपापले काम एकमेकांना कसे जोडावे, याचे इतके नेटके उदाहरण मला दुसरे दिसले नाही.

फॅफ्सा मात्र दरवर्षी नव्याने भरावा लागतो. पहिल्या वर्षाच्या शरद ऋतूत, सहामाही परीक्षांच्या धामधुमीत, दुसऱ्या वर्षाचा अर्ज खुला होतो, आणि तोपर्यंत हायस्कूलमधल्या मार्गदर्शकाची मुदत बहुधा संपलेली असते. म्हणून अनुभवी मार्गदर्शक निरोप घेण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या फोनवर त्या ऑक्टोबरची आठवण लावून देतात, आणि त्या दिवशी स्वतःही एक फोन करतात.